पाहुण्यांना काय काय दाखवलं

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनींना नमस्कार सांग, पोरीला आशीर्वाद. इकडे देवाच्या दयेने सगळं ठीक. थंडी सरत आली, लिंबं चांगली धरलीत, शेळीला दोन करडं झाली. आईचा खोकला कमी आहे.

तुझे फोन येत होते. मुद्दाम उचलले नाहीत. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकतो, हे लहानपणापासून चालत आलंय. कागदावर तुला मला मध्येच तोडता येत नाही. पत्र तुझ्या ऑफिसच्या नाही, घरच्या पत्त्यावर टाकतोय. वहिनींनी आधी उघडलं तरी माझी हरकत नाही.

तुझे होणारे व्याही आणि विहीणबाई शनिवार-रविवार आपल्याकडे राहून गेले. पाहुणचारात काही कमी पडू दिलं नाही. काय काय दाखवलं, काय काय झालं, ते तुला त्यांच्याकडून कळलं असेलच. माझ्याकडूनही कळावं म्हणून लिहितो.

शनिवारी दुपारी फाटकाशी गाडी थांबली. तुझे डॉक्टर व्याही उतरले, माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "साहेबांचा माणूस तुम्हीच ना? ते म्हणाले होते, अगदी विश्वासू आहे."

मी "या" म्हणालो आणि त्यांची बॅग उचलली. विश्वासू हा शब्द माणसं कुत्र्याला लावतात आणि नोकराला. भावाला कुणी लावलेला मी तरी ऐकला नाही.

तरी राग आला नव्हता, खरं सांगतो. तू आधीच फोनवर म्हणाला होतास, "मोठी माणसं आहेत, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, आपण भाऊ वगैरे ते आत्ता काढू नकोस. आणि दोन दिवस आईला ताईकडे ठेव." मी "बघतो" म्हणालो होतो. वाटणीच्या वेळी "ते दगडधोंडे तुलाच लखलाभ" म्हणून तू निघून गेलास, आता त्याच दगडधोंड्यांचा मालक म्हणवून घ्यावंसं वाटतंय, तर घेऊ दे बापडा, असं मनाशी म्हटलं. पोरगी माझ्याही अंगाखांद्यावर खेळलेली आहे. आईला परक्या घरात झोप येत नाही, ती रात्रभर हाताने भिंत चाचपत राहते, म्हणून तिला ताईकडे नेलं नाही. पण मागच्या खोलीत ठेवलं, दार लोटून घेतलं. तुझ्यासाठी तेवढं केलं.

मग पाहुण्यांना फिरवलं. आधी मधाच्या पेट्या. डॉक्टर जाळीची टोपी घालून असे उभे राहिले, जसं काही त्यांचंच ऑपरेशन आहे. मग लिंबाची बाग. विहीणबाईंनी स्वतःच्या हाताने टोपलीभर लिंबं तोडली. शाळेत मुख्याध्यापिका आहेत, पण काटा लागला तेव्हा पहिलीतल्या पोरीसारख्या ओरडल्या आणि स्वतःच हसल्या. मग शेळ्या. करडाला उचलायला डॉक्टर वाकले आणि शेळीने मागून अशी ढुशी दिली की डॉक्टर थेट चाऱ्यात. बाई म्हणाल्या, "बरं झालं. आयुष्यभर लोकांना तपासलंत, आज तुम्हाला कुणीतरी तपासलं." माणसं चांगली आहेत, दादा. म्हणूनच पुढचं लिहिताना हात जड होत नाही.

संध्याकाळी त्यांना होडीतून तळ्यात नेलं. बगळे परतायची वेळ होती. सगळे एकाच झाडावर उतरतात आणि जागेसाठी भांडतात, ते बघायला पाहुण्यांना फार आवडतं. बाई झाडाकडे बघत म्हणाल्या, "इतकी सुंदर जागा, आणि साहेब इथे राहायला येत नाहीत. त्यांच्या आईला जाऊन बरीच वर्षं झाली ना? म्हणाले, आई गेल्यापासून त्या घरात पाय ठेववत नाही."

माझ्या हातातलं वल्हं थांबलं. होडी आपली आपण फिरायला लागली.

डॉक्टरांनी विचारलं, "काय हो, काय झालं?"

मी म्हणालो, "काही नाही. इथे तळाला गाळ आहे."

घरी आलो तेव्हा मागच्या खोलीत आई बसली होती, मांडीवर हात ठेवून, दाराकडे तोंड करून. मी तिला भरवलं. मग देवापुढे बसलो. माझा राग घालव, असं मागायला बसलो होतो. पण तोंडातून निघालं, "सकाळी माझा हात थरथरू देऊ नकोस." देवाने ऐकलं. तू म्हणशील, असलं मागणं देव ऐकत नसतो. मग तूच सांग, कुणी ऐकलं?

शहरातली माणसं पैसे देऊन शेतावर राहायला यायला लागली तेव्हापासून आमच्याकडे एक रीत आहे, तुला ठाऊक नसेल, कारण ती तू गेल्यानंतरची आहे. पाहुण्याने सकाळी शेतातलं वा घरातलं एखादं काम केल्याशिवाय त्याला चहा मिळत नाही. शहरातल्या माणसांना याची मोठी मौज वाटते. काम मी वाटून देतो. रविवारी डॉक्टरांना झाडांना पाणी सोडायला पाठवलं. बाईंना म्हणालो, "तुम्ही अंगणात बसा, वाटाण्याच्या शेंगा सोला. सोबतीला आमची म्हातारी आहे."

आईची खाट अंगणात रोज नसते. त्या दिवशी मी ठेवली. तिला न्हाऊ घातलं, केस विंचरले, धुतलेलं लुगडं नेसवलं, आणि उन्हात आणून बसवलं. हे मी जाणूनबुजून केलं. चुकून झालं, असं मी तुलाही सांगणार नाही आणि वर गेल्यावर विचारलं तर तिथेही सांगणार नाही.

मी चार हातांवर गोठ्याच्या दारात उभा होतो. दोघींचं छान जमलं. आईचे दाणे टोपलीत कमी आणि मांडीवर जास्त पडत होते, बाई ते निमूट वेचत होत्या. मग त्यांनी विचारलं, "आजी, तुम्ही इथल्या कोण?"

"कोण म्हणजे? मालकीण." आई म्हणाली. "तू कोण? नवीन सून का?"

बाई हसल्या. "नाही हो. मीच सून आणायला निघालेय."

"पारखून आण," आई म्हणाली. "आणि पोरांना अंगणातल्या पायरीवर खेळू देऊ नकोस. माझी नात त्या पायरीवरून पडली. डाव्या भुवईत खोक पडली एवढी. रक्ताने माझा पदर भिजला. अजून व्रण आहे पोरीला. केसांनी झाकते, पण मला दिसतो."

बाईंचे हात थांबले. त्या पोरीला त्यांनी मागच्याच महिन्यात समोर बसवून पाहिलं होतं. केस बाजूला सारून भुवईवरचा व्रण कसला, ते विचारलंही असेल. त्या बराच वेळ आईच्या तोंडाकडे बघत राहिल्या. नाक तुझं आहे, दादा. ते काही लपत नाही.

मग त्या उठून माझ्याकडे आल्या. "खरं सांगा. तुम्ही साहेबांचे कोण?"

"भाऊ."

"आणि या?"

"आई."

विचारलं तेवढंच सांगितलं. एक शब्द जास्त नाही. बाई परत जाऊन खाटेवर बसल्या आणि आईच्या मांडीवरचे दाणे पुन्हा वेचायला लागल्या. डॉक्टर ओल्या पायांनी आले, त्यांना कळलं तेव्हा म्हणाले, "विसरायला होतं, एवढ्यासाठी? अहो, मी रोज असे पेशंट बघतो. एवढ्यासाठी जिवंत आईला मारलं?"  मला विचारलेलंच नव्हतं ते.

चहा मात्र तिघांनी एकत्र घेतला. आईसकट चौघांनी.

पुढचं तुला माहीत आहे, म्हणून तर फोन वाजतोय. लग्न मोडलेलं नाही. पोरीचा काय दोष, असं बाईच म्हणाल्या. पण लग्न होईल तर याच अंगणात होईल, आणि मुलीची आजी सगळ्यांच्या पुढे बसेल, हे त्यांनी तुला कळवलंय. "शेत तुमचंच आहे म्हणता, मग अडचण काय?" असंही विचारलं असणार. आता तुला तुझ्या माणसाची परवानगी काढायला हवी.

दिली. अंगण झाडून ठेवतो, पाहुण्यांच्या सगळ्या खोल्या उघडतो. माझी अट एकच. त्या दिवशी आईचा हात धरून तिला सगळ्यांच्या देखत तू बाहेर आणायचंस.

हे वाटतं तितकं सोपं नाही, म्हणून आजवर न सांगितलेलं सांगतो. आई अनोळखी माणसाला हात देत नाही. अंग ताठ करते, ओरडते. ताईलासुद्धा देत नाही. फक्त थोरल्याला देते.

तिचं डोकं जायला लागलं तेव्हा ती मला थोरला म्हणायला लागली. मी सांगायचो, "आई, मी धाकटा. थोरला शहरात आहे." मग ती रडायची, "थोरला का येत नाही?" दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पहिल्यांदा ऐकल्यासारखं रडणं. शेवटी एक दिवस मी म्हणालो, "हो आई, मीच थोरला." माणसांच्या देखत आणि देवाच्या देखत मी आयुष्यात खोटं बोललो असेन तर ते तेवढंच. त्या दिवसापासून ती पोटभर जेवते. मी तिला उचलतो, धुतो, पुसतो, आणि ती माझ्या डोक्यावर हात ठेवून तुला आशीर्वाद देते. धाकट्याबद्दल विचारलं तर म्हणते, "तो मोठा माणूस झालाय. त्याला वेळ नसतो." तेव्हा मी तुझी बाजू घेतो. म्हणतो, येईल.

आता घेणार नाही. तू आधी ये, आठवडाभर राहा, तिची ओळख मिळवता येते का बघ. नाही आलास तर त्या दिवशी व्याह्यांसमोर, विहीणबाईंसमोर, पोरीसमोर ती तुला विचारेल, "तू कोण?" मी शेजारीच उभा असेन आणि एक शब्द बोलणार नाही. आई जिवंत आहे, हे मी लोकांना दाखवलं. तू जिवंत आहेस, हे तिला दाखवणं माझं काम नव्हे.

बाकी क्षेम. उत्तर नको, ये.

आईचा
थोरला