डावा पीळ

ता. ३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला म्हणून तू नाक फुगवून बसली असशील, हे मला इथून दिसतंय. पण खरंच सांगते, हल्ली मान वर करायला फुरसत नाही. आपली रंगाऱ्यांची गल्ली सगळ्या शहराने डोक्यावर घेतली आहे. पाहुण्यांची एक टोळी फिरवून सोडते न सोडते तोच दुसरी पुलापाशी उभी असते. बोलून बोलून घसा बसलाय. लहानपणी मी गप्प बसावं म्हणून तू मला खाऊची लाच द्यायचीस, आता बोलण्याचाच पगार मिळतो.

मी कालव्यापासून सुरुवात करते. इथलं पाणी मऊ, म्हणून रंगारी इथे येऊन राहिले, हे सांगते. मग शहराबाहेर मोठे कारखाने निघाले, गल्लीतले हौद कोरडे पडले आणि गोदामांत कबुतरांचं राज्य आलं. भाडं कमी म्हणून चित्रकार आले, त्यांच्या मागोमाग कॉफी आली. आता सुताच्या गोदामात पुस्तकांचं दुकान आहे. पुलाखाली संध्याकाळी गाणारे बसतात. तुम्ही कापड वाळत घालायचात त्या गच्चीवर जेवणाची टेबलं मांडली आहेत आणि तिथे आधी सांगितल्याशिवाय जागा मिळत नाही. आजोबांच्या रंगशाळेचं संग्रहालय झालंय, ते तर तुला कळवलं होतंच. त्याचं माहितीपत्रक सोबत पाठवते आहे.

आता खरी गोष्ट. बाबांचं काही ठीक नाही. तब्येत बरी आहे, पण मन उडालंय. संग्रहालयाच्या बाईंनी महिनाभर मागे लागून त्यांना लोकांसमोर कापड रंगवून दाखवायला राजी केलं. पहिल्या दिवशी मी मुद्दाम माझी टोळी तिथे नेली. बाबांनी नीळ अशी चढवली की सगळे बघत राहिले. मग कापड पिळायची वेळ आली. दुसरं टोक धरायला संग्रहालयाचा सुतार उभा केला होता, चांगला आडदांड गडी. दोघांनी जोर लावला आणि कापड नुसतं गरगर फिरत राहिलं. पीळ बसेना, पाणी गळेना. कोणीतरी म्हणालं की हे तर दोरीवरच्या उड्यांचं चाललंय, आणि माणसं हसली. वाईट मनाने नाही, पण हसली. बाबांनी कापड टोपलीत ठेवलं आणि सरळ घरी आले.

तेव्हापासून ते खाली उतरलेले नाहीत. हात विसरले, एवढंच म्हणतात. संग्रहालयाच्या बाई म्हणाल्या की त्यांना त्रास नको, त्याऐवजी भिंतीवर चित्रफीत दाखवू. हे ऐकल्यावर तर बाबांनी घर विकायचंच काढलंय. ज्या गल्लीत आपल्याला काही येत नाही तिथे कशाला राहायचं, असं त्यांचं म्हणणं. मी आईसारखी समजूत घालायला गेले तर आईची आठवण काढून भिंतीकडे तोंड करून बसले. मी हात टेकले आहेत. तूच काहीतरी लिही. ते माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील.

तब्येतीची काळजी घे. लोभ माझ्या वाट्याचा राखून ठेव.

तुझी,
भिंगरी


ता. ११ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. नाक फुगलं होतं, ते उतरलं. गुडघ्याने मात्र अजून रुसवा सोडलेला नाही. सूनबाई रोज शेक देते आणि मी रोज तिच्यावर खेकसते, असा आमचा संसार सुखाने चालला आहे.

तू पाहुण्यांना रंग सांगतेस, पण वास सांगतेस का? नीळ मुरत ठेवली की गल्लीभर असा घाण वास सुटायचा की नवा माणूस नाकाला रुमाल लावूनच यायचा. आम्हाला शाळेत कोणी शेजारी बसवून घेत नसे. त्या गच्चीवर लोक पैसे देऊन जेवतात हे वाचून मी इतकी हसले की सूनबाई धावत आली. कालव्यात लाल पाणी दिसलं की समोरच्या रंगाऱ्यांना मोठं काम मिळालं हे कळायचं, आणि मग आमचे अण्णा, म्हणजे तुझे आजोबा, दिवसभर कोणाशी धड बोलायचे नाहीत.

आता तुझ्या बापाचं. तो काहीही विसरलेला नाही. तुमच्यापैकी कोणी त्याच्या मनगटांकडे बघितलंच नाही.

कापड पिळताना दोघं समोरासमोर उभे राहतात आणि दोघंही आपापल्या उजवीकडे पीळ देतात. तोंडं एकमेकांकडे असल्यामुळे पीळ उलटा बसतो आणि पाणी निघतं. सगळी दुनिया असंच पिळते. पण मी डावखुरी. माझा पीळ डावीकडे जायचा. अण्णांनी रागावून पाहिलं, बोटांवर पट्टी मारून पाहिली, काही उपयोग झाला नाही. धाकटा, म्हणजे तुझा बाप, तेव्हा इतका लहान होता की खोक्यावर उभा राहायचा. एके दिवशी माझ्या बोटांवर वळ उठलेले पाहून तो अण्णांना म्हणाला, "तिला मारू नका, मीच उलटा वळतो." तेव्हापासून तो उलटाच वळतो. माझं लग्न होईपर्यंत गल्लीतलं सगळ्यात कोरडं कापड आमच्या घरचं असायचं. मी सासरी गेले आणि अण्णांनी कापड पिळायचं रुळांचं यंत्र आणलं. म्हणजे त्या पोराने माझ्याखेरीज कोणाबरोबर कापड पिळलेलंच नाही. डावा पीळ आणि उजवा पीळ समोरासमोर आला की कापड फिरणारच. तुझा सुतार आडदांड असो की पहिलवान.

तेव्हा सुताराला म्हणावं, डावीकडे वळ. काम होईल.

माहितीपत्रक पाहिलं. छपाई सुरेख आहे. त्यात संग्रहालयातल्या पाटीचा फोटो आहे; पाटीवरच्या मजकुरात अण्णा आहेत, धाकटा आहे, रुळांचं यंत्रसुद्धा आहे. मी नाही. राग आला असं म्हणत नाही, पण पत्रक मी दोनदा उलटून पाहिलं. मागे कुठे असेन असं वाटलं.

मला यायला सांगू नकोस. गुडघ्याचं निमित्त आहे, पण खरं ते नाही. तिथे येऊन मी परक्यासारखी तिकीट काढून माझ्याच हौदाकडे बघायचं, हे मला झेपणार नाही.

धाकट्याला माझे आशीर्वाद. घर विकू नको म्हणावं. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आत्या


ता. १९ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं.  त्यांनी दोन्ही हात पुढे धरून हवेतच पीळ दिला, पुन्हा दिला, आणि मनगटांकडे बघत बसले. डोळे भरून आले होते. मलाही रडू आलं, ते मी लपवलं नाही.

मला वाटलं, सुटलो. मी लगेच सुताराला सांगून येते म्हणाले, तर त्यांनी नको म्हटलं. सुतार शिकेल, लोक टाळ्याही वाजवतील, पण मग ज्याला त्याला वाटेल की ही माझीच काहीतरी तऱ्हा आहे, असं ते म्हणाले. पुढे म्हणाले, "ताईची जागा अशी कोणालाही द्यायची नाही. आधी ती येऊ दे."

घर बघायला गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात येणार आहे. बाबांनी त्याला नाही म्हटलेलं नाही. आत्या, तू नको म्हणालीस तरी सांगते, ये. सोमवारी संग्रहालय बंद असतं. तिकीट नाही, पाहुणे नाहीत, माझी बडबडसुद्धा नाही. स्टेशनवर आता लिफ्ट आहे. तिथून दारापर्यंत गाडी आणते. पाटीचं मी बाईंशी बोलले. त्या ओशाळल्या, आणि नवी पाटी लिहायची तर आधी तुला भेटायला हवं म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं की आत्या फटकळ आहे, तयारीने या.

तुला बाबांची दया यावी म्हणून हे लिहीत नाही. ते तुझ्यावाचून अडलेत, एवढंच खरं आहे. लोभ आहेच, यंदा तो घेऊन प्रत्यक्ष ये.

तुझी,
भिंगरी


ता. ६ एप्रिल

तीर्थरूप ताईस,
शि. सा. नमस्कार.

तू परत घरी सुखरूप पोचल्याचा निरोप आला आणि जीव भांड्यात पडला. गुडघा सुजला का? त्या सोमवारी हौदापाशी तू खुर्चीवर बसून पिळलंस आणि मला उभं राहून तुझ्यासमोर पिळता येईना, म्हणून मीही खोकं ओढून बसलो, हे भिंगरी आता गल्लीभर सांगत सुटली आहे. पहिलाच पीळ दिला आणि पाणी धो धो पायांवर आलं तेव्हा तू मला ‘हळू, गाढवा’ म्हणालीस. इतक्या वर्षांत मला गाढव म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. फार बरं वाटलं.

घर बघायला गिऱ्हाईक आलं होतं. भला माणूस होता. त्याला खिडकीतून कालवा दाखवला, कॉफी पाजली आणि घर विकायचं नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला की हे आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं, मलाही आत्ताच कळलं.

गेल्या शनिवारपासून पुन्हा खाली जातो. तू सांगितलंस तसं सुताराला डावीकडे वळायला शिकवलं. पहिले दोन दिवस चुकला, आता बरा वळतो, पण तुझ्यासारखा शेवटचा झटका त्याला जमत नाही आणि मी तो शिकवणारही नाही. नवी पाटी लागायला अजून वेळ आहे. संग्रहालयाच्या बाई तुझं बोलणं अजून पचवताहेत.

पण ताई, पाटीची मला घाई नाही. रोज कोणी ना कोणी विचारतंच, सगळे उजवीकडे पिळतात, तुम्ही डावीकडे का? मग मी कापड खाली ठेवतो आणि सांगतो की माझी मोठी बहीण डावखुरी. तिच्याबरोबर शिकलो. लोक मग तुझ्याबद्दलच विचारत राहतात आणि मी सांगत राहतो. काल कापड वाळायची वेळ टळून गेली, पण सांगणं संपेना.

माया आहे तशीच राहू दे, आणि सोमवार कुठलाही चालेल.

तुझा,
धाकटा