ओल्या भिंतीचं आरोग्य

३ जुलै
नाशिकच्या वर्कशॉपहून काल शहाद्याला परतलो. डोळे उघडले. घरमालक म्हणजे नुसता भाडं घेणारा नव्हे. भाडेकरूंची तब्येत, मनःस्वास्थ्य, सगळं त्याच्याच अंगावर. ट्रस्टच्या स्वस्त घरांच्या वसाहतीचा मॅनेजर मी, म्हणजे हे माझ्याच अंगावर. संकल्प : वसाहत महाराष्ट्रात पहिली आणायची.

५ जुलै, सकाळी
गच्चीवर हास्यक्लब सुरू. हजर : मी. हमाली करणारा धुडकू वर आला, पण पाइप बघायला. म्हणाला, "भाऊ, पाइप फुटेल शे. सुरैय्याभाभीनी भीत पुरी वली व्हयनी." म्हटलं, पाइप फुटलाय, भिंत ओली झालीय, ते नंतर बघू, आधी हस. हसला. माझ्याकडे बघून.

८ जुलै
सुरैय्याभाभी ऑफिसात. शिवणकाम करतात, नवरा सुरतेला कामाला. भिंतीला बुरशी आलीय, लेक शगुफ्ता सारखी खोकते, म्हणाल्या. त्यांना श्वासाचे व्यायाम शिकवले. मान हलवत उठून गेल्या. पटलं असावं. प्लंबरला उद्या फोन.

९ जुलै
प्लंबर राहिला. बॅनरचं काम निघालं. 'निरोगी घर, आनंदी घर'. भाभींच्याच भिंतीवर चिकटवला. दुपारी गळून पडला. हल्ली डिंक चांगला मिळत नाही.

१४ जुलै
शगुफ्ताला धाप लागली. दवाखान्यात मीही गेलो. एवढीशी पोर, मास्कमधून टकामका बघत होती. मला कुठे बघावं कळेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ओल्या खोलीत परत नेऊ नका. मी जोशात बोलून गेलो, ओल एवढी नाहीये, मी स्वतः राहून दाखवतो! भाभी लगेच म्हणाल्या, "मग साहेब, आम्ही तुमच्या क्वार्टरमध्ये राहतो." डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. माझ्या उदारपणाचं कौतुक, दुसरं काय.

१५ जुलै
अदलाबदल झाली. माझी गादी उचलायला अख्खी वसाहत धावली. लोकांचं प्रेम!

१६ जुलै, पहाटे
उशी ओली. पांघरूण ओलं. प्लंबरला फोन. परत फोन. त्याच्या बायकोला फोन.

१८ जुलै
पाइप बदलला. वर्कशॉपमध्ये सांगितलंच होतं, मालकाने तत्पर असावं. शिंका येताहेत.

२७ जुलै
ट्रस्टचे अध्यक्ष आले. शगुफ्ता माझ्या क्वार्टरच्या ओट्यावर दोरीच्या उड्या मारत होती. खोकला नाही. अध्यक्ष खूश. श्रेय घ्यायला उभा राहिलो तर मलाच अशी उबळ आली की भाषण भाभींनी केलं. छोटं होतं. भिंत वाळली की साहेबांना क्वार्टर परत देऊ, म्हणाल्या. गवंड्याला विचारलं. तो म्हणाला, पावसाळाभर कुठली वाळते!

अध्यक्षांना उपाय फारच आवडला. म्हणाले, आता नियमच करू. ज्याच्या घराची तक्रार, त्या घरात दुरुस्ती होईपर्यंत मॅनेजर राहील.

टाळ्या थांबायच्या आत वसाहतीतल्याच मीनाबाईंनी हात वर केला. त्यांचा संडास तुंबलाय.