तुम्हाला कुणी बाजूला बसवलं नाही

आप्पा,

परवा विंझरला गेले होते. धाकट्यानं घराला नवा गिलावा करायचा म्हणून रस्त्याकडच्या भिंतीचा जुना थर खरवडायला लावलाय, आणि आतून तुमचा लाल त्रिकोण निघाला. रंग फिका पडलाय, पण तिन्ही बाजू अजून ओळखू येतात. गवंडी म्हणाला, "ताई, हे काय हाय?" मी बोलायच्या आत धाकटाच म्हणाला, "आमच्या आप्पांचं काम. कुटुंब नियोजनात हुते ते." इतक्या अभिमानानं म्हणाला की मला तिथं उभं राहवेना. मी मागच्या दारी गेले, पडवीच्या त्या कोपऱ्यात, जिथं आई बसायची, आणि तिथंच ठरवलं की तुमच्याशी एकदा बोलायचं. तुम्ही हयात होता तोवर तुमच्यासमोर आवाज चढवायची आमच्यात कुणाची टाप नव्हती. आता चढवते.

तुम्ही वेल्ह्याच्या दवाखान्यात नोकरीला. भिंती रंगवायच्या आणि गावोगाव फिरून बायामाणसांना समजवायचं, हे तुमचं काम. एकदा शाळेला सुट्टी होती म्हणून मला पासलीला घेऊन गेला होता. देवळापुढं बायका पदर सावरून बसल्या आहेत आणि तुम्ही खिशातून काड्यापेटी काढता. आत कापसावर ती लूप. पांढरं प्लास्टिक, नागमोडी, टोकाला दोरा. "बघा, एवढीशी वस्तू," तुम्ही म्हणता, "नर्सबाई बसवत्यात. पाळणा लांबतो. मूल पायजे झालं की काढायची. काडीचा तरास न्हाई." एक म्हातारी विचारते, "आन अंगावरनं जातंय म्हनं लई, ते?" तुम्ही हसता. "आज्जे, लोक काय, काय बी बोलत्यात." बायकाही हसतात. मलाही तेव्हा वाटलं होतं, आमचे आप्पा किती हुशार. म्हातारीला ठाऊक होतं ते तुम्हाला ठाऊक नव्हतं, की ठाऊक असून तुम्ही हसण्यावारी नेलंत, हे मला कधीच कळलं नाही. दोन्हींचा मला सारखाच राग येतो.

मग भोरच्या शिबिरात साहेबांनी तुम्हाला चारचौघांत विचारलं, की लोकांना सांगता, तुमच्या घरी काय? तुम्ही तसेच घरी आलात आणि आईला म्हणालात, "उद्या सकाळी तयार ऱ्हा." विचारलं नाही, सांगितलं. आम्ही चार भावंडं, सगळ्यात लहान अजून तिच्या अंगावर पीत होतं. पण खरं सांगू का, आई खूश झाली होती. दुसऱ्या दिवशी लूप बसवून भोरहून परत आली ती लुगडं खोचून थेट खाचरात उतरली. मी बांधावर होते. मला म्हणाली, "पोरी, आता हे पोट माजं हाय. मी म्हनंन तवाच." चिखलात उभी राहून हसत होती. आईला तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

पुढच्या महिन्यापासून तिच्या अंगावरून जास्त जायला लागलं. पाचव्या दिवशी न्हायची, चुलीपाशी यायची, आणि दोनचार दिवस जातात न जातात तोच पुन्हा पडवीच्या कोपऱ्यात, गोधडी आणि तांब्या वेगळा. आमच्या घरात सासू नव्हती, नणंद नव्हती. तुमची आई माझ्या जन्माआधीच गेलेली. बाजूला बस म्हणणारं घरात दुसरं कुणीही नव्हतं, आप्पा. फक्त तुम्ही होता. दिवसभर गावात नवा जमाना आणायचा आणि संध्याकाळी उंबऱ्यात उभं राहून विचारायचं, "आज बी भायेरच का?"

चूल माझ्या गळ्यात आली. शाळा अर्धी बुडाली. माझ्या भाकऱ्या काठाला जळायच्या आणि मधे कच्च्या राहायच्या. तुम्ही एकदा ताट सरकवून म्हणालात, "ही भाकर हाय का खापर?" मी रडले. पडवीतून आई म्हणाली, "पोर हाय ती. घ्या की गोड करून." त्यावर तुम्ही बोललात ते अजून माझ्या कानात आहे. "तू नीट असतीस तर ही पाळी आली नस्ती." नीट नव्हती ती कुणामुळं? तिला भोरला कुणी नेलं होतं? आणि त्याच दिवसांत तुमच्या पायजम्यावर लाल डाग असायचे, नखांत लाल रंग असायचा, रॉकेलनं घासूनही निघायचा नाही. त्या हातांनी तुम्ही देवाला फूल वाहायचात. तुम्हाला कुणी बाजूला बसवलं नाही.

शेवटी आईनं सांगायचंच सोडून दिलं. रक्त जात असलं तरी न्हायची आणि चुलीपाशी बसायची. मला तेवढं ठाऊक होतं, कारण कपडे ओढ्यावर मी धुवायचे. ते दिवस आमच्या घरातले सगळ्यात चांगले दिवस. भाकरी पुन्हा फुगायला लागली, मी शाळेत जायला लागले, तुम्ही सुद्धा जेवून ढेकर द्यायला लागलात. देव कोपला नाही, भात पिकला, म्हशीनं दूध चोरलं नाही. मग नवरात्र आलं. आईनं घट बसवला, रोजची माळ घातली. एका सकाळी माळ घालून उठताना तुम्ही तिच्या लुगड्यावरचा डाग पाहिलात. तुम्ही ओरडला नाहीत. घरभर गोमूत्र शिंपडलंत आणि दसरा होईपर्यंत तिच्याशी एक शब्द बोलला नाहीत. त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

दसरा झाल्यावर एसटीनं आपण तिघं वेल्ह्याला गेलो. धाकट्या बहिणीला मी कडेवर घेतलेलं. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून मी सगळं ऐकलं, दाराला नुसता पडदा होता. तुम्ही म्हणालात, "बाई, ही काढून टाका." नर्सबाई भोरच्या, शांत बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "सुरुवातीला काहीजणींना जातं जास्त. बऱ्याच जणींचं हळूहळू कमी होतं. मी रक्तवाढीच्या गोळ्या देते, लक्ष ठेवू. आणि आधी त्यांना तर विचारा. वहिनी, तुम्हाला नकोय का?" मग आईचा आवाज आला. तुमच्यासमोर परक्या माणसापुढं ती बोललेली मी तेवढी एकदाच ऐकली. "ऱ्हाऊ द्या बाई. रगत जातंय ते माजं जातंय. ह्यांचं काय जातंय?" आणि तुम्ही म्हणालात, "घरात देव हायेत. काढा."

काढली. येताना एसटीत आई खिडकीला डोकं टेकून बसली होती. तुम्ही मला गोळ्या-बिस्किटं घेऊन दिलीत, तुमच्या मनावरचं ओझं उतरलं होतं म्हणून. मीही ती खाल्ली. दुसऱ्या दिवशी तुम्ही रंगाचा डबा घेऊन कामावर गेलात आणि तोच त्रिकोण तितकाच नेटका काढून आलात.

पुढच्या पावसाळ्यात आईचं पोट दिसायला लागलं. गावात कुजबुज सुरू झाली, नियोजनवाल्याच्याच घरी पाळणा. तेव्हा तुम्ही काय केलंत? काढायला लावली हे सांगितलं नाहीत. म्हणालात, "लूप असून दिवस गेले. फेल गेली." पासलीच्या बायकांना तेच सांगितलंत, देवळापुढंच. मी नव्हते तिथं, पण पासलीची आईची मावसबहीण आमच्याकडं आली होती, तिनं पडवीत बसून आईला विचारलं, "खरंच गं, असून ऱ्हायली?" आईनं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. म्हणाली, "व्हय. ऱ्हायली." तुमची अब्रू तिनं झाकली, आप्पा. मावशी म्हणाली, "मग मी न्हाई बसवत बाई. भोगायचं बी आन ऱ्हायचं बी." त्या वस्तूनं तिचं काम चोख केलं होतं. होती तोवर दिवस गेले नाहीत. तिच्या माथी खोटं तुम्ही मारलंत, आणि त्या डोंगरातल्या किती जणींनी ते खरं मानलं असेल कुणास ठाऊक.

धाकटा जन्मला त्या दिवशी आईचं रक्त थांबेना. सुईण हात टेकून बसली. तुम्ही बैलगाडी जुंपायला धावलात. माजघरात, देवाच्या कोनाड्याखालीच तिला झोपवली होती, गोधड्यांवर गोधड्या भिजत होत्या. तेव्हा तुम्ही तिला बाजूला घ्या म्हणाला नाहीत. देवांची आठवण काढली नाहीत. गाडी वेशीपर्यंत गेली आणि परत वळली. धाकट्यावर माझा राग नाही, त्याला मीच वाढवला. पण तुम्ही तेराव्यानंतर काड्यापेटी खिशात घालून कामाला निघालात, तेव्हा तुमच्याकडं बघून मला उलटी झाली होती. तुम्हाला वाटलं, मला पित्त झालंय.

तुम्ही दुसरं लग्न केलं नाहीत, आम्हा पाचांना खाऊ घातलंत, माझ्या लग्नात डोळे पुसलेत. लोक तुम्हाला देवमाणूस म्हणायचे. म्हणू देत.

दुसऱ्या मुलीनंतर मी पुण्यात लूप बसवून घेतली. नवऱ्याला विचारलं नाही, सांगितलं. मलाही पहिले काही महिने आईसारखंच जायचं. त्या वर्षी नवरात्रात तुम्ही आमच्याकडं राहायला आलात. माझं चालू होतं. मी न्हाले, घटाला माळ घातली, भाकऱ्या थापल्या, नैवेद्य दाखवला आणि तेच ताट तुमच्यापुढं ठेवलं. तुम्ही पहिला घास घेतलात आणि थांबलात. मला वाटलं, कळलं. तुम्ही म्हणालात, "आईच्या हातची चव हाय गं तुला." अगदी ओठांवर आलं होतं माझ्या, की आप्पा, आईनंही तुम्हाला अशीच भाकरी वाढली होती. सांगायचंच म्हणून मी ताटापुढं बसले सुद्धा. पण तुम्ही मान खाली घालून जेवत होता, आणि तुमचे हात म्हातारे झाले होते. मी आणखी एक भाकरी वाढली.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? घडी घालून लुगड्यांच्या ट्रंकेत ठेवते, आईच्या. भिंतीवर उद्या नवा गिलावा चढेल. तुमच्यावरचा राग काही कमी झालेला नाही, व्हावा असंही वाटत नाही. फक्त त्या दिवशी तुम्ही आईच्या हातची चव म्हणालात, तेव्हा मला बरं वाटलं होतं. फार बरं वाटलं होतं, आप्पा.