डाल्यातली धाकटी

माय, त्या साली मी आठ वर्षांची होते आणि धाकटी दीडची. कापसाला सोन्याचा भाव आला होता. अकोल्याकडे जाणाऱ्या बैलगाड्यांची रांग आपल्या दारावरून तुटत नसे, आणि तू पहाटेपासून चरकीवर बसून कापसातली सरकी काढायचीस. धाकटी रांगत यायची, ढिगात शिरायची, तिथंच मुतायची. डागी कापूस व्यापारी परत करी. म्हणून तू तिला बांबूच्या खोल डाल्यात बसवलंस आणि समोर कापूस टाकलास. ती बोटांनी एकेक सरकी वेचू लागली. वर्षभरात ती बोटं अशी चालायला लागली की शेजारणी पाहायला येत. "पाहा वं माह्या लेकीचे हात! तुमच्या मोठ्या पोट्ट्यांले जमते का असं?" तू म्हणायचीस. तिचे पाय कोणी पाहत नसे. ते डाल्यात असायचे.

समोरच्या सुताराची म्हातारी एकदा नातवाचा जुना पांगुळगाडा घेऊन आली.

"बाई, तिले बाहेर काढ. लेकरू पडून पडूनच उभं राह्यते."

"अन् मळलेला कापूस कोण घेईन? तू घेशीन?"

"अवो, पाय जातीन तिचे."

"हात हायेत ना! पायानं कोणतं राज्य जिंकाचं हाय तिले?"

मीही हसले. गाडा तू सरपणात टाकलास.

मग भाव कोसळला, व्यापारी येईनासे झाले. रिकाम्या अंगणात तू धाकटीला उभी करतेस, हात सोडतेस. ती कोसळते. पुन्हा उभी करतेस. चिंचेची शिमटी तिच्या पोटऱ्यांवर ओढतेस. "चाल वं! आता काहून चालत नाई?" ती रडत रडत अंगणातले खडे वेचायला लागते, वेचून तुझ्यापुढे ढीग घालते. तिला वाटतं, काम कमी पडलं.

ती आता अमरावतीत माझ्याजवळ असते, ढुंगणावर सरकत घरभर फिरते. माझा नातू पावलं टाकायला शिकतो आहे. तो पडला की मी धावते, तर तीच ओरडते, "पडू दे वं त्याले! उचलू नको." तिच्या पायांचा विषय निघाला की आम्ही दोघी तुझ्या नावानं बोटं मोडतो.

पण माय, एक दिवस तू शेतात गेली होतीस. तिनं डाल्याचा काठ धरून स्वतःला वर ओढलं आणि एक पाय बाहेर टाकला. मी सागरगोटे खेळत होते. ती बाहेर आली असती तर दिवसभर मला तिच्यामागं धावावं लागलं असतं. मी तिचे खांदे दाबून तिला खाली बसवलं. तीनदा. चौथ्यांदा ती उठली नाही, नंतरही कधी नाही.

हे तिला ठाऊक नाही. मला लग्नानंतर अक्षरं आली, तिला मी शिकवली नाहीत. म्हणून तर तिच्याशेजारी बसून हे लिहिता आलं.