लॅपटॉप झाला की येईल

३ मार्च, सोमवार
बायको तिच्या ताईकडे राहायला गेली. कारण लॅपटॉप. पंखा आवाज करतोय म्हणाली. मी उघडला. आता आवाज बंद आहे. बाकीचंही बंद आहे.

जाताना म्हणाली, दुकानात द्या, झाला की कळवा, मग बघू. म्हणजे झाला की येणार. तिच्या वडिलांचे सगळे फोटो त्यात आहेत आणि वडील आता नाहीत. यावंच लागेल.

दुकानात देणार नाही. दुकानवाले उगाच पार्ट बदलतात. शनिवारपर्यंत स्वतः करायचं, ठरलं.

४ मार्च
व्हिडिओ पाहिला. डाव्या हातचा मळ आहे. व्हिडिओवाल्याचा लॅपटॉप वेगळ्या कंपनीचा होता, पण तत्त्व एकच.

६ मार्च
सगळा खोलला. डायनिंग टेबल भरलं. ओट्यापाशी उभ्यानेच जेवलो. घर फार शांत आहे. काही वाटत नाही.

८ मार्च, शनिवार
जोडला. चार स्क्रू उरले. कंपनी जास्तीचे घालत असणार. चालू झाला नाही. मुदत वाढवली.

बायकोचा फोन. नव्वद टक्के काम झालंय म्हणालो. दुकानवाला काय म्हणतो, असं तिने विचारलं. तोही हेच म्हणतो, असं सांगितलं. हे काही अगदीच खोटं नाही. सध्या दुरुस्तीवाला मीच.

११ मार्च, सकाळी
दिवा लागला! चार्जिंगचा, पिवळा, एवढुसा. त्याच्याकडे बघत बसलो, ऑफिसला हाफ डे टाकावा लागला. स्क्रीन काळीच आहे, पण ती शेवटी येते.

बायकोला मेसेज केला: ‘प्रगती उत्तम.’ तिने अंगठा पाठवला. अंगठा म्हणजे खूश आहे. बेडशीट बदलली. तिची उशी उन्हात ठेवली.

१५ मार्च, शनिवार
साडू आले. चहा नको म्हणाले, तरी ठेवला. टेबलावर जागा नव्हती म्हणून कप हातातच धरून बसले.

मग म्हणाले, तिने नवा लॅपटॉप घेतला.

मी विचारलं, आणि फोटो? ते म्हणाले, फोटो तिच्याकडेच आहेत. तुम्ही स्क्रूड्रायव्हर शोधत होता ना, तेवढ्यात तिने पेनड्राइव्हवर घेतले. मिक्सरच्या वेळचं तिच्या लक्षात होतं.

मग तुम्ही न्यायला काय आलात, असं विचारलं. चार्जर, म्हणाले. जुना नव्याला बसतो. एक ऑफिसात ठेवेल, एक आमच्याकडे. आमच्याकडे कायमचा लागेल ना आता, असं म्हणाले आणि कपात बघत राहिले.

वायर नीट गुंडाळली, रबर लावून दिली. जिना उतरताना स्वतःला सांभाळा म्हणाले. हो म्हटलं. दार लावल्यावर मात्र वाईट वाटलं. बराच वेळ वाटलं.

संध्याकाळी
उरलेल्यांपैकी तीन स्क्रूंना जागा सापडली. चूक तीच होती. आता लॅपटॉप शंभर टक्के चालू होणार. झाला की कळवा म्हणाली होती, लगेच कळवणार.

फक्त बॅटरी उतरली आहे आणि चार्जर तिच्याकडे आहे.