चार मीटरची रेघ

बोस्नाकाठ,
१४ ऑक्टोबर २०१९

प्रिय वेको,

तुला, स्लावित्साला आणि नातवंडांना आम्हा दोघांचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? लिंझला एव्हाना थंडी पडली असेल. इथं अजून उन्हात बसून कॉफी पिता येते. झुमरेतानं मिरच्या भाजून, सोलून बरण्या भरल्या, त्यामुळे सगळ्या घराला तोच वास आहे. तुझ्या आईच्या कबरीवरचं गवत मी परवा काढलं आणि दिवा लावला. झुमरेता म्हणते, मी सकाळी एकदा आणि दुपारी पुन्हा एकदा जाऊन लावला. असेल. तुझ्या आईला जरा जास्त उजेड मिळाला तर काही बिघडत नाही.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर हल्ली माझी वाक्यं मध्येच सुटतात. कागदावर निदान मागं जाऊन वाचता येतं.

उन्हाळ्यात तू आला नाहीस. मी परत आल्यापासून वीस वर्षांत पहिल्यांदाच. रशीदच्या कॅफेत आपल्या टेबलावर मी एकटा बसत होतो, आणि तो लेकाचा सवयीनं दोन कप आणून ठेवायचा. नव्या हँडबॉल हॉलचं आमंत्रण तुला आलं म्हणून आला नाहीस का? मी काही विचारत नाही, नुसतं म्हणतोय.

तर ती बातमी तुला ठाऊक आहेच. २६ तारखेला नव्या हॉलचं उद्घाटन आहे. बाहेरच्या भिंतीवर तो बान्या लुकात खेळलेल्या सामन्याचा फोटो रंगवणार, दोन मजले उंच, आणि खाली माझं नाव. फोटो तोच, ८९ सालचा: शेवटचा सात मीटरचा पेनल्टी फटका, गोलकीपर हवेत, चेंडू नेमका चेहऱ्यासमोर, छातीवरचा आकडा वर आलेल्या गुडघ्याआड. नगराध्यक्ष मला म्हणाले, "हिल्मो, गावाचा चेहरा आहेस तू." आता त्या फोटोत चेहरा कुठं दिसतो?

बरं, आता सप्टेंबरातल्या सामन्याचं. कोणीतरी तुला त्याचा व्हिडिओ पाठवला असेलच. लोकांना दुसरं काम नाही.

आमच्या पोरींचा सामना होता, बावीस-बावीस, वीस सेकंद उरलेले, आणि समोरच्या संघाला सात मीटर मिळाला. मी अजून संघ आपल्या जुन्या रीतीनंच चालवतो. साठ मिनिटं पहिली गोलकीपर, आणि सात मीटर आला की ती पळत बाकावर आणि दुसरी पळत आत. आपण नऊ वर्षं तसंच केलं ना? माझा एक नंबर, तुझा बारा. एल्दिना, म्हणजे आमची दुसरी, उठून उभी राहिली. आणि मी जॅकेट काढलं.

"कोच, कुठं निघालात?" ती म्हणाली. "जागा माझी आहे."

मी म्हटलं, "बस खाली. हा माझा."

वेको, मी साठ वर्षांचा माणूस, पोरींच्या सामन्यात, जाऊन गोलमध्ये उभा राहिलो. आधी सगळ्यांना वाटलं, मी गंमत करतोय. रशीद प्रेक्षकांतून ओरडला, "पोट सोडून ठेव हिल्मो, अर्धा गोल तेवढ्यानंच झाकतो!" सगळा हॉल हसला. मीही हसलो असेन. मग रेफरी आली, तिशीची असेल, आणि हळूच म्हणाली, "काका, चला बाहेर." तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

मला हाकललं, पुढच्या सामन्याची बंदीही घातली. एल्दिना आत गेली, चेंडू खांबाला लागून बाहेर गेला, म्हणजे आम्ही वाचलो. पोरी माझ्याशी नेहमीपेक्षा जास्त गोड बोलतात. त्याचीच मला भीती वाटते.

मग तुझ्लाच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "डोक्याला चेंडू किती लागले असतील?" मी म्हटलं, "बाई, जे लागले नाहीत ते विचारा, ते थोडे आहेत." त्या हसल्या नाहीत. डोक्याचे फोटो काढलेत, निकाल पुढच्या महिन्यात.

पण हे सांगायला मी बसलो नव्हतो. काय सांगायला बसलो होतो, ते मघापासून टाळतोय.

त्या गोलमध्ये उभा होतो तेव्हाची गोष्ट. समोर चार मीटरवर ती छोटी रेघ. मला कळेना, सात मीटरला पुढं त्या रेघेपर्यंत यायचं, की मागं राहायचं? कधी निघायचं? हात आधी की पाय आधी? बाकी कुठलाही फटका सांग, कोपऱ्यावरचा, नऊ मीटरवरचा, झोपेतही माझे पाय जागेवर जातात. इथं ते खांबासारखे उभे. वयामुळे विसरलेली गोष्ट अशी नसते रे. ही कधी शिकलेलीच नव्हती. आणि फोटोतला माणूस तर त्या रेघेवरून उडालेला आहे.

घरी आल्यावर झुमरेताला मी पुन्हा ती बान्या लुकाची गोष्ट सांगितली. शांत व्हायला मी ती सांगतो. चेंडू कसा कपाळावर आदळला, चेंडूवरची चिकट राळ भुवईला कशी लागली, ती सूर्यफुलाच्या तेलानं पुसताना भुवईचे चार केस कसे निघाले.

ती मिरच्या सोलत म्हणाली, "स्वतःची भुवई तुला दिसली कशी?"

"आरशात."

"त्या कपडे बदलायच्या खोलीत आरसा नव्हता. तूच तर सांगतोस, तू आणि वेकोनं एकमेकांचे भांग पाडले म्हणून."

मी तिच्यावर ओरडलो. चाळीस वर्षांच्या संसारात एवढा ओरडलो नव्हतो. मग अंगणात जाऊन बसलो. ती भुवई मला अजूनही समोरून दिसते, अगदी जवळून, आणि तिच्याखाली तुझा डोळा मिचमिचतोय आणि तू म्हणतोयस, "हळू रे गाढवा."

आता लिहूनच टाकतो. तो सात मीटर तू अडवलास. मी बाकावर होतो. पेपरवाल्यानं फोटोखाली माझं नाव छापलं, तेव्हा संघाच्या बसमध्ये सगळे पोट धरून हसले, तूही हसलास. पुढच्या महिन्यात जर्मनीतल्या क्लबचा माणूस तेच कात्रण घेऊन मला न्यायला आला. त्या संध्याकाळी पुलावर तू मला म्हणालास, "जा. तुला पोरगी झालीय. पण परत आलास की सगळ्यांना खरं सांग."

मी गेलो. नंतर इथं युद्ध झालं. तू इथंच होतास आणि मी तिकडं पगार घेऊन चेंडू अडवत होतो. परत आलो तेव्हा त्या बसमधले अर्धे लोक परदेशात होते, बाकीचे कबरीत. विचारणारं कोणी उरलं नव्हतं, आणि तू तर विचारलंसच नाहीस. त्या फोटोवर मला क्लब मिळाला, कोचिंग मिळालं, शिकवायला या पोरी मिळाल्या. दर उन्हाळ्यात तू समोर बसून कॉफी प्यायचास, मी सगळ्या कॅफेला ती गोष्ट सांगायचो, आणि तू साखरेचा खडा बुडवत ऐकायचास. तुला काय वाटत असेल, हे मी एकदाही मनात येऊ दिलं नाही. मला माफ कर म्हणायची लाज वाटते.

मला एकच कळत नाही. खोटं बोलत होतो तेव्हा मला ठाऊक होतं का? सुरुवातीला होतं. मग कधी ते ठाऊक असणं बंद झालं? हा आजार आहे की तीस वर्षांच्या थापेचं फळ? डॉक्टरीणबाईंच्या फोटोत ते दिसेल का?

भिंत रंगवणारी मिर्ना आज सकाळी आली होती. फोटो काळा-पांढरा, म्हणून विचारत होती, "काका, बूट कोणत्या रंगाचे होते?" मी लगेच म्हटलं, "निळे." माझे पांढरे होते, वेको. निळे तुझे.

मी तिला थांबवलं. उद्या मी विसरेन, किंवा विसरल्याचं सोंग करेन, दोन्हीतला फरक आता माझा मलाच कळत नाही. म्हणून कागदावर लिहून, सही करून दिलं: बूट निळे, नंबर बारा, खाली नाव व्येकोस्लाव माटिच. ती म्हणाली, "मग तुम्ही कुठं आहात?" मी म्हटलं, "फोटोच्या बाहेर, बाकावर." हे नाव गेलं की माझ्याकडं काय उरतं, कोण जाणे. नगराध्यक्षांना अजून सांगितलेलं नाही, गावाला २६ला मीच सांगेन. त्या दिवशी मी गोंधळलो तर पुढचं सांगायला तू तिथं हवास.

हे पत्र जपून ठेव. पुढं कधी मी तुझ्याच समोर बसून ती गोष्ट माझी म्हणून सांगू लागलो, तर साखर बुडवत बसू नकोस. हे काढ आणि मला वाचून दाखव.

तुझा,
एक नंबर, सात मीटरला नेहमी बाकावर बसणारा,
हिल्मो