टेबलाचं यमक

२ तारीख, सोमवार
सूनबाई ऑफिसच्या कामाने बाहेरगावी गेली. अठराला येईल. आज धीर करून तिच्या टेबलाकडे पाहिलं. टेबल तिच्या माहेरचं. त्यावर एक पांढरट गोल डाग. मी तिथे चहा घेत बसतो, म्हणजे डाग माझाच. पोर एका शब्दाने बोलली नाही. नुसता रुमाल अंथरला त्यावर. बोलली असती तर बरं. रुमालाला काय उत्तर देणार?
संकल्प : ती यायच्या आत टेबलाला नवं व्हिनियर. म्हणजे खऱ्या लाकडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा. लावणार मी. चिरंजीवांना पत्ता लागू द्यायचा नाही.

३ तारीख
हिला सांगावंच लागलं. हिने रुमाल उचलला, डागावर माझा कप ठेवला आणि म्हणाली, "अहो, तुमचा कप केवढा, हा गोल केवढा!" मी म्हटलं, लाकडात डाग पसरतो, त्याला शास्त्र आहे. "मग सुनेला फोन करून विचारा तरी." विचारलं तर सरप्राइजचा धक्का कसा बसणार? धक्का बसेल याची हिला खात्री होती.

५ तारीख
व्हिनियरचं दुकान. साग, शिसम, अक्रोड. प्रत्येक पानावर रेषा वाहतायत, जशी चौथीच्या पुस्तकात कवितेच्या डोक्यावर काढलेली नदी. किती वेळ उभा होतो कोण जाणे. दुकानदाराने माप विचारलं. माप घरी. वितीने सांगितलं. "आजोबा, वीत तुमची की नातवाची?" विचारून स्वतःच हसला.
मग त्याने अक्रोडाची दोन पानं काढली, एकाच ओंडक्यातली, लागोपाठ कापलेली. एक पालथं करून दुसऱ्याशेजारी ठेवलं. रेषा समोरासमोर, आरशात पाहाव्या तशा! बुकमॅच म्हणतात. मी म्हटलं, अहो, हे तर यमक!
तो म्हणाला, असेल, पण एक पान पालथं घालायला विसरू नका. आणि पांढरा गोंद न्या, तो सरकवू देतो. सोल्युशन एकदा चिकटलं की बापाचं ऐकत नाही.
सोल्युशन आणलं. सरकवायची वेळ नवशिक्यांवर येते.

८ तारीख
डाग घासला. हट्टी, लाकडात खोल मुरलेला. शाळेतल्या कविता म्हणत, चालीवर सँडपेपर फिरवला. तिसरी ते सातवी संपली तेव्हा गेला. बोट फिरवून पाहिलं. गुळगुळीत. किती हलकं वाटलं!
ही म्हणाली, गेला ना? आता पॉलिश मारा आणि गप्प बसा.
यमकावाचून कुठे थांबतात?

११ तारीख, दुपार
लावलं! पहिलं पान सरळ. दुसरं टेकता टेकता जरा तिरकं झालं आणि दुकानदार म्हणाला तसं, बापाचं ऐकेना. मधे फट. वर केसाएवढी, खाली बोटाएवढी. पण फट म्हणणं अरसिकपणा. ओळीच्या मधे थांबायची जागा, म्हणजे यती, असतेच.

संध्याकाळ
लांबून पाहिलं. दोन्ही नद्या एकाच दिशेला चालल्यात. पान पालथं घालायचं राहिलं. यमक नाही झालं, पुनरुक्ती झाली. पुनरुक्तीनेही जोर येतो.

१३ तारीख
फुगे आले. इस्त्रीने बसवले. बहुतेक बसले. एका जागी कवितेचं तिसरं कडवं आठवेना, तेवढ्यात इस्त्री जरा टेकून राहिली.
ही आली. पाहिलं. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. "याच्यापेक्षा डाग बरा होता हो."
प्रतिक्रिया द्यायची नाही, असं ठरवलं.

१७ तारीख
टेबलावर चादर. चिरंजीव दोनदा विचारून गेले की आत काय आहे. तब्येतीचा विषय काढला. उद्यासाठी छोटंसं भाषण पाठ केलं : चूक माझी होती, भरपाईही माझीच.

१८ तारीख
आली. चादर तिनेच काढली.
भाषण म्हटलं. एकही शब्द चुकला नाही.
ती टेबलावर तळहात फिरवत होती. जळकी जागा ओलांडली, फट ओलांडली. काहीतरी शोधत होती. मग विचारलं, "बाबा, इथला गोल?"
पार गेला म्हटलं. नावालाही उरला नाही. अभिमानाने म्हटलं, हे इथे लिहून ठेवायला हवं.
"तो तुमचा नव्हता हो," ती म्हणाली. "दादांच्या मगचा होता."
दादा म्हणजे तिचे वडील, आमचे दिवंगत व्याही. ती अभ्यासाला बसायची तेव्हा ते समोर बसून राहायचे. कॉफीचा मोठा मग रोज त्याच जागी. रुमाल माझी चूक झाकायला नव्हता. माझ्या कपापासून तो गोल जपायला होता.
मी लाकडात डाग पसरतो वगैरे म्हणू लागलो.
रागावली नाही. माझी बोटं पाहिली, सकाळी सुटलेली कड बसवताना सोल्युशनने एकमेकांना धरून बसलेली. "आधी हात दाखवा," म्हणाली. कोमट पाणी आणि तेल आणून एकेक बोट सोडवलं. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. एकही कविता आठवली नाही.

१९ तारीख
टेबलावर रुमाल पुन्हा अंथरलाय. त्याच जागी. खाली आता काहीच नाही.
चहा स्वयंपाकघरात ओट्यापाशी घेतला. उभ्याने.